एकचक्रा नगरीचा गाडा

हल्लीं सुट्टींत शहरांतून गांवीं येणाऱ्या मुलामुलींच्या पिशव्यांतून एका विशिष्ट जातीच्या इंग्रजी कादंबऱ्या बाहेर पडतांना दिसतात. कथानकाचा सांचा बहुधा ठरलेला. काळ भविष्यांतला, राज्य क्रूर आणि सर्वसाक्षी, प्रजा मुकी, आणि पंधरा-सोळा वर्षांचा एखादा मुलगा, किंवा पुष्कळ वेळां मुलगीच, त्या राज्याविरुद्ध उभी राहते. येथील एका परिचित कुटुंबांत अशाच एका पुस्तकावरून चांगलाच वाद झाला. घरांतील वडील मंडळींचें म्हणणें असें कीं, राजसत्तेशीं बंड करण्याच्या गोष्टी कोवळ्या वयांत वाचल्यानें मुलें उद्दाम होतात, आणि सरकारपासून सुरू झालेलें बंड अखेर आजोबांच्या आरामखुर्चीपाशीं येऊन पोंचतें. निवाड्यासाठीं मला बोलावणें आलें. मीं निवाडा दिला नाहीं, पुस्तक मात्र वाचावयास मागून घेतलें. सारा जन्म वर्गांत मुलांकडून पुस्तकें काढून घेण्यांत गेल्यावर मागून घेण्याचा प्रसंग थोडा चमत्कारिक वाटला. पण तें असो.

पुस्तकाचें नांव 'हंगर गेम्स', म्हणजे भुकेचे खेळ. सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेनें तें २००८ सालीं प्रसिद्ध केलें, पुढील दोन वर्षांत त्याचे आणखी दोन भाग निघाले, आणि २०१२ पासून त्यांवर चित्रपटही आले. उत्तर अमेरिका खंड उद्ध्वस्त झाल्यावर तेथें पॅनेम नांवाचें एक राष्ट्र उभें राहिलें आहे. मध्यें ऐश्वर्यांत लोळणारी राजधानी आणि भोंवतीं तिला कोळसा, धान्य, कापड पुरविणारे बारा जिल्हे. या जिल्ह्यांनीं पूर्वीं एकदां बंड केलें होतें. त्याची शिक्षा म्हणून दर वर्षीं प्रत्येक जिल्ह्यानें बारा ते अठरा वर्षांच्या मुलांत चिठ्ठ्या टाकून एक मुलगा आणि एक मुलगी राजधानीस पाठवावयाची. हीं चोवीस मुलें एका बंदिस्त रानांत सोडतात. एकच जिवंत उरेपर्यंत त्यांनीं एकमेकांस मारावयाचें. आणि साऱ्या देशानें हा प्रकार पडद्यावर सक्तीनें पाहावयाचा.

लेखिकेची बुद्धि मला जेथें खरोखर दिसली ती जागा याहून लहान आहे. ज्या घरांत अन्नाची ददात आहे, त्या घरच्या मुलाला आपल्या नांवाची एक जादा चिठ्ठी टाकून एका माणसापुरतें वर्षाचें थोडेंसें धान्य आणि तेल घेतां येतें. म्हणजे चिठ्ठी काढणारा हात निःपक्षपाती खरा, पण सोळा वर्षांच्या खाऊनपिऊन सुखी मुलीच्या चिठ्ठ्या पांच आणि तिच्याच वयाच्या उपाशी मुलीच्या वीस. कायदा सर्वांना सारखा ठेवून अन्याय कसा करावा, याचें याहून सोपें उदाहरण मला नागरिकशास्त्राच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकांत आढळलें नाहीं. नायिका कॅटनिस हिचें नांव असें वीस वेळां आंत गेलेलें असतें. आणि निघतें तें तिच्या बारा वर्षांच्या धाकट्या बहिणीचें, जिची एकच चिठ्ठी होती. थोरली बहीण तिच्याऐवजीं जाण्यास आपण होऊन पुढें होते, आणि कथा सुरू होते.

लेखिकेनें या कल्पनेचें मूळ ग्रीक पुराणांत असल्याचें सांगितलें आहे. अथेन्स नगरानें क्रीटच्या राजाकडे सात मुलगे आणि सात मुली पाठवावयाच्या आणि तेथील वृषभमुख राक्षसानें त्यांस खावयाचें, अशी ती कथा. आपणांस मात्र ग्रीसपर्यंत जाण्याचें कारण नाहीं.

आदिपर्वांतील बकवधाची कथा आपण लहानपणीं ऐकली ती भीमाच्या भुकेसाठीं. गाडाभर भात एकट्यानें फस्त करणारा भीम, पाठीवर गुद्दे घालणारा राक्षस, आणि मागें वळूनही न पाहतां चाललेलें जेवण, एवढेंच मुलांच्या लक्षांत राहतें, व कीर्तनकारही बहुधा तेवढ्याच भागावर पोट धरून हंसवितात. मूळ संस्कृत अध्याय काढून बसलें म्हणजे कांहीं निराळेंच दृष्टीस पडतें. लाक्षागृहांतून सुटलेले पांडव एकचक्रा नगरींत एका ब्राह्मणाच्या घरीं वेष पालटून राहिले आहेत. एके दिवशीं आंतून रडण्याचा आवाज येतो, आणि कुंती चौकशीला जाते. नगरीवर बकाचा कर आहे: गाडाभर भात, दोन रेडे, आणि तो गाडा घेऊन जाणारा माणूस. घराची पाळी पुष्कळ वर्षांनीं येते, पण येते. आणि ती चुकवूं पाहणाऱ्यास राक्षस बायकामुलांसह खातो. या करांच्या मोबदल्यांत बक काय देतो, हें व्यासांनीं आवर्जून सांगितलें आहे. तो नगरीचें रक्षण करतो! त्याच्या धाकानें परचक्र येत नाहीं, भुताखेतांचेंही भय नाहीं. कर घेणारा, संरक्षण देणारा, न देणाऱ्यास शासन करणारा. यालाच राजसत्ता म्हणतात. प्रदेशाला नांवाचा राजा आहे, तो वेत्रकीयगृह नांवाच्या ठिकाणीं राहतो, पण प्रजेच्या या दुःखाचा उपाय त्याच्यानें होत नाहीं.

पुढें त्या घरांत जो संवाद होतो, तो कॅटनिसच्या घरांतल्या प्रसंगापेक्षां मला अधिक दारुण वाटतो. बाप म्हणतो, मी जातों. आई म्हणते, मी जातें. संसाराचें माझें काम झालें आहे, आणि स्त्री म्हणून कदाचित् तो मला मारणारही नाहीं. मुलगी म्हणते, मला केव्हांतरी दुसऱ्याच्या घरीं द्यावयाचीच आहे, मग आजच दिली म्हणून काय बिघडलें? आणि अजून नीट बोलतांही न येणारा मुलगा हातांत गवताची काडी घेऊन पुढें येतो, आणि या काडीनें त्या राक्षसाला मारतों म्हणतो. इतक्या दुःखांतही त्या तिघांना हंसूं येतें. आणखी एक बारकावा सांगतों. तो ब्राह्मण बायकोला आठवण देतो कीं, हें गांव सोडून सुखाच्या ठिकाणीं जाऊं असें मीं तुला पूर्वींच सांगितलें होतें. पण येथें माझा जन्म झाला, येथें मी वाढलें, असें म्हणून तूं ऐकलें नाहींस. अर्ध्या घरांना कुलपें असलेल्या आमच्या या भागांत ही तक्रार दोन्ही बाजूंनीं ऐकूं येते. फक्त येथें राक्षस नाहीं, एस. टी. ची गाडी आहे.

कुंती म्हणते, तुला एकच मुलगा, मला पांच आहेत. त्यांतला एक जाईल. भीमाला पाठविल्याचें कळल्यावर धर्मराज आईवर रागावतो, तिच्या विचाराला साहस म्हणतो. तें ऐकून घेऊनही ती आपला निश्चय सोडीत नाहीं. दुसऱ्याच्या पाळीच्या गाड्यावर आपला मुलगा बसविणारी आई आणि बहिणीच्या चिठ्ठीवर आपण जाणारी मुलगी यांत अंतर फारसें नाहीं. दोन्हीकडे गाडा अडतो तो ज्याची पाळी नव्हती अशा माणसामुळें.

तेव्हां ज्या घरांत महाभारत कपाटांत आहे, त्या घरानें अशा गोष्टींना परकी म्हणूं नये. भविष्यकाळाचा वेष मात्र नवा आहे. आपल्या लेखकांनीं तीच गोष्ट सांगतांना भूतकाळ किंवा पुराण पांघरलें. हरिभाऊ आपट्यांनीं १८९० सालीं 'करमणूक' साप्ताहिक काढलें तें सगळ्या कुटुंबानें एकत्र वाचावें म्हणून. 'उषःकाल' त्यांतच १८९५ ते १८९७ या काळांत क्रमशः येत होती. तिच्यांत रंगराव अप्पा विजापूर दरबाराचे निष्ठावंत किल्लेदार, आणि त्यांचा मुलगा नानासाहेब शिवाजीकडे ओढलेला. घरांतलीच फाळणी हरिभाऊंनीं कादंबरीच्या मध्यभागीं ठेवली, आणि निष्ठावंत बापाला कोठेंही खलपुरुष केलें नाहीं. आजच्या पुष्कळ इंग्रजी कादंबऱ्यांत म्हातारी माणसें एकतर दुष्ट असतात नाहींतर लवकर मरतात. हरिभाऊ त्यांना जगूं देतात आणि बोलूंही देतात. 'उषःकाल' ज्या सालीं पुरी झाली त्याच १८९७ सालीं रत्नागिरींत जन्मलेल्या टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला, आणि 'केसरीं'त शिवाजीच्या तोंडीं घातलेली एक कविता त्यांत पुराव्यादाखल पुढें आली. अडीचशें वर्षांपूर्वींचा शिवाजी बोलला तरी सरकारला तो आजच बोलल्यासारखें ऐकूं येई.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवधा'ची हकीकत तर याहून नामी. १९०७ सालीं रंगभूमीवर आलेलें हें नाटक विराटपर्वाला धरून आहे. त्यांत इंग्रज नाहीं, बंगालची फाळणी नाहीं, कांहीं नाहीं. परंतु लंडनच्या 'टाइम्स'चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनीं १९१० सालच्या आपल्या पुस्तकांत खुलासा करून ठेवला कीं, कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमि, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हें प्रेक्षागृहांतील प्रत्येकाला समजतें. त्याच सालीं नाटकावर बंदी आली. एका अर्थानें सरकारइतका चांगला वाचक खाडिलकरांना दुसरा मिळाला नाहीं. राज्यकर्त्याला कीचकांत स्वतःचा चेहरा ओळखूं आला. तो तसा ओळखूं येण्याचें कारण नाटककाराच्या लेखणीपेक्षां राज्यकर्त्याच्या मनांत अधिक होतें.

हें परक्या राजवटींतच घडतें असें मात्र कोणीं समजूं नये. १९७५ सालीं, २५ जूनच्या रात्रीं, देशांत आणीबाणी जाहीर झाली तेव्हां मी मॅट्रिकच्या उंबरठ्यावर होतों. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. त्या हिवाळ्यांत एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं 'कीचकवधा'ंतील एक प्रवेश बसवीत होते. मी त्यांत विराटाचा एक सेवक होतों, वाक्यें दोन. तालमी निम्म्यावर आल्या असतां प्रवेश गळला. कोणीं हुकूम काढला नव्हता, कोणीं विचारलेंही नव्हतें. उगीच कशाला, एवढे दोनच शब्द वडील माणसांत इकडून तिकडे गेले, आणि त्या जागीं कोळीनृत्य झालें. पासष्ट वर्षांपूर्वीं त्या नाटकाला थांबविण्यास सरकारला कागद काढावा लागला होता. या वेळीं तितकीही तसदी पडली नाहीं. त्याच डिसेंबरांत कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनीं लेखनस्वातंत्र्याचा पुकार केला, तुरुंगांत प्रकृति ढासळलेल्या जयप्रकाशांसाठीं सभेला प्रार्थनेस उभें केलें, आणि पुढें स्वतः कारावास पत्करला. 'नाइन्टीन एटीफोर' ही सर्वसाक्षी राज्याची कादंबरी लिहिणारा जॉर्ज ऑरवेल २५ जूनलाच, १९०३ सालीं, बिहारांत मोतीहारीस जन्मला, हा योगायोग मला पुष्कळ वर्षांनीं कळला.

२०१४ सालीं सयाम देशांत, म्हणजे थायलंडांत, लष्करानें सत्ता घेतली तेव्हां 'हंगर गेम्स'मधल्याप्रमाणें तीन बोटें उंचावून मुलें निषेध करूं लागलीं, आणि त्या तीन बोटांसाठीं सरकारनें मुलांना धरून नेलें. कीचक ओळखणारी दृष्टि अजून सर्वत्र शाबूत आहे.

येथपर्यंत लिहून थांबलों असतों तर वडील मंडळींच्या भीतीला मीं हंसून वाटेला लावलें असा अर्थ झाला असता. ती भीति पोकळ नाहीं. आपल्याच जिल्ह्यांतील खेड तालुक्यांत आयनी गांवीं जन्मलेल्या अनंत कान्हेरे या अठरा वर्षांच्या मुलानें २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद थिएटरांत कलेक्टर जॅक्सन यांस गोळ्या घातल्या. जॅक्सन संस्कृतचे व्यासंगी होते, आणि निरोपादाखल 'शारदा' नाटक पाहावयास आले होते. १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्यास अनंत आणि त्याचे दोन साथी फांशीं गेले. त्याच्या धैर्याला मी नमस्कार करतों. पण पुष्कळ वर्षें अठराच्या आंतल्या मुलांना शिकविल्यावर त्याचें वय वाचतांना हात थबकतो. एवढ्या वयाचा मुलगा सांगितलेलें काम फार मन लावून करतो, हें ज्यांना माहीत असतें तीं माणसें बहुधा स्वतः त्या थिएटरांत नसतात. इंग्रजी कादंबरींतही तेंच आहे. मुलांना पुढें करणारे दोन्ही बाजूंस आहेत, आणि लेखिकेनें तें लपविलेलें नाहीं.

शिक्षकाचा धंदा यांत कोठें बसतो, हा प्रश्न मला भागवताच्या सातव्या स्कंधांत नेतो. प्रल्हादाचे गुरु षंड आणि अमर्क, शुक्राचार्यांचे पुत्र, राजवाड्याजवळ शाळा चालवीत. धर्म, अर्थ, काम आणि राजनीति असा अभ्यासक्रम होता. मुलाच्या तोंडून विष्णुभक्ति निघतांच हिरण्यकशिपूचा पहिला संताप होतो तो मास्तरांवर. मास्तरांचें उत्तर असें कीं, महाराज, हें आम्हीं शिकविलें नाहीं, दुसऱ्या कोणीं शिकविलें नाहीं, ही याची उपजतच बुद्धि! शिक्षण खात्याच्या तपासनीसापुढें उभा राहिलेला कोणताही मास्तर या उत्तरावर भावाप्रमाणें प्रेम करील. पुढें एकदां गुरुजी घरकामांत गुंतले असतां मुलें प्रल्हादाला खेळावयास बोलावतात, आणि तो त्यांना जवळ बसवून आपला विचार सांगतो. वर्ग बदललेला पाहून गुरु घाबरतो आणि घाईनें जाऊन राजाला वर्दी देतो. षंडामर्क दुष्ट नव्हते. घरदार होतें, राजाचें वेतन होतें. सबंध कथेंत नखें नसलेलीं माणसें तींच, आणि राज्य चालतें तें त्यांच्यावरच.

त्यांच्या उलट टोंकाला आपल्या दापोली तालुक्यांतील पालगडचे साने गुरुजी. १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिकवीत असतां १९३० सालीं त्यांनीं नोकरी सोडली आणि सत्याग्रहांत उडी घेतली. 'श्यामची आई' हें त्यांचें पुस्तक नसलेलें घर आपल्या वाचकांत क्वचितच असेल. तें त्यांनीं १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें. मुलांना मातृभक्ति शिकविणारें आपलें सर्वांत लाडकें पुस्तक एका बंडखोर कैद्यानें कोठडींत लिहिलेलें आहे. बंड आणि आज्ञाधारकपणा यांचे दोन वेगळे कप्पे करणाऱ्यांनीं तें पुस्तक कोणत्या कप्प्यांत ठेवावें?

आतां आरामखुर्चीकडे येतों. अमेरिकेंत लोइस लोरी या बाईंचें 'द गिव्हर' नांवाचें एक पुस्तक १९९३ सालीं निघालें. त्यांतील राज्यांत छळ नाहीं, भूक नाहीं, भांडण नाहीं. बाराव्या वर्षीं मंडळी प्रत्येक मुलाला त्याचा व्यवसाय ठरवून देतात, जोडीदार ठरवून देतात, घरांत मुलेंही ठरवून देतात, आणि सर्व कांहीं मुलांच्या हिताकरितां. मला हें पुस्तक 'हंगर गेम्स'पेक्षां अधिक अस्वस्थ करणारें वाटलें, कारण त्यांतील मंडळी माझ्या ओळखीची आहेत. व्हेरॉनिका रॉथ यांच्या 'डायव्हर्जंट' या २०११ च्या कादंबरींत समाजाचे स्वभावाप्रमाणें पांच गट पाडले आहेत, आणि सोळाव्या वर्षीं ज्यानें त्यानें आपला गट निवडावयाचा असतो. आपल्याकडे चार होते आणि निवड नव्हती, एवढें नमूद करून पुढें जातों.

ज्या पुस्तकावरून वाद झाला त्याची मालकीण अकरावींत आहे. बोलतां बोलतां ती मला म्हणाली, "आजोबा, आपल्याकडे चिठ्ठी न टाकतांच नांव निघतं, नाहीं का?" तिच्या डोळ्यांपुढें काय होतें तें मीं विचारलें नाहीं. माझ्या डोळ्यांपुढें माझी आत्या आली. चौथींत पहिला नंबर, आणि पांचवींत नांव घातलें नाहीं, कारण तीन भावांच्या फिया होत्या आणि घरांत आजारी आजी होती. कोणीं तिच्यावर जुलूम केला असें त्या घरांत कोणाच्या स्वप्नांतही आलें नसतें. ती आजीपाशीं बसून ऐकून ऐकून गीतेचे अठरा अध्याय पाठ म्हणत असे आणि आम्हांला उच्चार चुकल्यास टोकीत असे. एकत्र कुटुंबाचा मी भक्त आहें. त्यानें वाढविलेला आहें. पण गाडा ओढण्याची पाळी ज्यांच्यावर आली, त्यांचीं नांवें आपल्या घरांतल्या कोणत्या वंशावळींत लिहिलेलीं असतात? मुलींचीं तर वंशावळींतच नसतात. वडील मंडळींना मुलांच्या पुस्तकाची भीति वाटते, ती या प्रश्नाची असावी असा मला संशय आहे. आणि तो प्रश्न पुस्तक काढून घेतल्यानें घरांतून जात नाहीं.

माझी तक्रार या कादंबऱ्यांविषयीं दुसरीच आहे. बहुतेकींत जुलमी मेला कीं पुस्तक संपतें. कॉलिन्सबाईंनीं मात्र तिसऱ्या भागांत, २०१० च्या 'मॉकिंगजे'मध्यें, पुढचें पाऊल टाकलें आहे. बंड यशस्वी होतें, आणि बंडवाल्यांची अध्यक्षीण कॉइन सुचविते कीं, आतां राजधानीच्या मुलांना घेऊन एकदां तेच खेळ करूं. जुन्या अध्यक्षाला मारण्यासाठीं कॅटनिसच्या हातांत धनुष्य दिलें जातें, आणि बाण ती कॉइनवर सोडते. मुलांनीं पहिला भाग वाचून पुस्तक मिटूं नये. तिसरा मिळवून वाचावा, आणि घरांतल्या मोठ्यांनीं तोच आधीं वाचावा. 'उषःकाल'ही जोडीला द्यावी. हरिभाऊंचा पाल्हाळ आजच्या मुलांना जड जातो, तेव्हां प्रारंभीं कोणीतरी शेजारीं बसून वाचून दाखवावी.

आणि बकवधाचे अध्याय मुळांतून, निदान भाषांतरांतून, शेवटपर्यंत वाचावेत. कारण तेथेंही गोष्ट राक्षसाच्या प्रेतापाशीं थांबत नाहीं. भीम प्रेत वेशीवर टाकून गुपचूप घरीं येतो. सकाळीं नागरिक जमतात, काल पाळी कोणाची होती याचा हिशेब काढतात, आणि त्या ब्राह्मणाला विचारतात. पांडवांचें नांव गुप्त ठेवावयाचें असल्यामुळें तो सांगतो कीं, कोणी मंत्रसिद्ध ब्राह्मण आला आणि माझा गाडा त्यानें नेला. लोक आनंदित होतात आणि उत्सव सुरू करतात. इतकीं वर्षें दर घरानें गाडा भरून पाठविला, याचा उल्लेख त्या आनंदांत कोणीच करीत नाहीं. वेत्रकीयगृहांतल्या राजाचें पुढें काय झालें, हें व्यासांनीं सांगितलेलें नाहीं.